दाजी आणि मागचं डावं चाक

आमच्या दाजींनी आयुष्यात एकही चालती वस्तू सुखानं चालू दिली नाही आणि एकही बंद वस्तू शांतपणे बंद पडू दिली नाही. दाजी म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान. गदगच्या एका शाळेत इतिहास शिकवायचे आणि सुट्टी लागली रे लागली की सासुरवाडीला, म्हणजे हुबळीला आमच्याकडे, दाखल व्हायचे. माणसं सासुरवाडीला येताना पेढ्यांचा पुडा आणतात, हे पान्यांची पिशवी आणायचे. ती पिशवी ओट्यावर खण्णकन टेकली की घरातली घड्याळं आपोआप पाच-पाच मिनिटं मागं सरकत, असं मी माझ्या नातवंडांना सांगते आणि ती विश्वास ठेवतात. ठेवू देत. त्यांनी दाजींना शिलाईच्या मशीनपुढं मांडी घालून बसलेलं पाहिलेलं नाही. त्या मशीनवर मी लग्नानंतर सहा वर्षं झबली शिवली होती. दाजींनी ते एका दुपारी ‘जरा मोकळं’ केलं, त्यानंतर ते फक्त उलटं शिवायला लागलं.

त्यांची तपासणीची पद्धत वैद्यांसारखी होती. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक यंत्राला लावायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे. पंप, पंखा, रेडिओ, गिरणीचं जातं, सगळ्यांच्या छातीचे ठोके त्यांनी असे ऐकले होते. एकदा मी डाळ लावली होती, तर कुकरला स्क्रू-ड्रायव्हर लावून ते म्हणाले, “शिट्टी थकली आहे, तिला विश्रांती हवी.” डाळ कच्ची राहिली. रोगाचं निदान मात्र ते इतिहासातूनच करत. विहिरीचा पंप पाणी ओढेना तेव्हा त्याच्याकडे बराच वेळ बघून त्यांनी सांगितलं, “पानिपतावर जे झालं तेच इथं झालंय. पुढं फौज चांगली आहे, मागून रसद तुटली.” आणि खरंच, पाइपात मागच्या बाजूला बेडूक होता. असं दहातून एकदा व्हायचं. त्या एकदाच्या जोरावर ते पुढचे नऊ पंप उघडायचे.

आता तुम्ही विचाराल, घरात कुणी त्यांना अडवत कसं नव्हतं. अडवणार कसं? ते जावई होते. आमचं घराणं मिरजेकडचं, तीन पिढ्या हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात कापडाचं दुकान, घरात मराठी आणि गल्ल्यावर कानडी. दोन्ही भाषांत जावयाला ‘नाही’ म्हणायला शब्द नाही, असा सासूबाईंचा सिद्धान्त होता. एका गुरुवारी दाजी सहज म्हणून गेले, “आज शुक्रवार ना?” तर सासूबाईंनी तेवढ्यात फुटाणे-गूळ आणून शुक्रवार साजरा केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा केला. माझी नणंद तेवढी तोंडाची तिखट. “माझा संसार तेवढा यांनी अजून उघडला नाही,” असं ती म्हणायची, “कारण त्याला स्क्रू नाहीत, सगळं खिळ्यांनी ठोकलंय.” पण तीसुद्धा माहेरी असली की गप्प बसे. सासूबाईंचा डोळा असे.

आणि मी? माझं काय सांगावं. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची, फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली, आणि त्या पदवीचा उपयोग डोक्यावरचा पदर न घसरता सव्वादोन तास कसा राहील यासाठी करणारी मोठी शहाणी सून. दाजींशी मी थेट बोलत नसे. आमच्यात तशी रीतच होती, नणंदेच्या यजमानांशी सुनेनं समोरासमोर बोलायचं नाही. चहा द्यायचा तर कप ठेवून भिंतीला सांगायचं, “चहा ठेवलाय.” सहा वर्षांत मी त्या भिंतीशी इतकं बोलले की मला वाटतं तिला माझा स्वभाव पुरता कळला होता. मला या वागण्याचा अभिमानही होता, हे आज कबूल करते. घरंदाजपणा म्हणतात तो हाच, अशी माझी समजूत.

गोष्ट आहे ती अप्पांच्या गाडीची. अप्पा म्हणजे माझे सासरे. त्यांच्याकडे एक जुनी विलायती गाडी होती, काळी, फुगीर मडगार्डांची, देश सोडून जाणाऱ्या कुणा साहेबाकडून घेतलेली. त्या गाडीनं ते दर भाऊबीजेला धारवाडला आपल्या थोरल्या बहिणीकडे, अक्कांकडे जात. तीस वर्षं गेले. मग एका महिन्यात अप्पा आणि गाडी, दोघंही बसले. अप्पांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू आणि जीभ गेली. आणि पंधरा दिवसांनी माझ्या नवऱ्यानं त्यांना दवाखान्यात न्यायला गाडी काढली तर मागच्या डाव्या चाकातलं बेरिंग असं किंचाळलं की दोन गल्ल्यांतली कुत्री उत्तर द्यायला आली. चाक जाम झालं. गाडी ढकलत शेडमध्ये गेली ती तिथंच राहिली. अप्पांना पुढं दोनच गोष्टी स्पष्ट म्हणता येत, “हं” आणि “अक्का”.

“अक्का” म्हणताना ते काठी शेडकडे रोखत. चार वर्षांत त्यांना टॅक्सीनं धारवाडला न्यायचे तीन प्रयत्न झाले. तिन्ही वेळा त्यांनी फाटकाला काठीची मूठ अडकवली आणि धरून बसले. टॅक्सीवाला, माझे यजमान, शेजारचे दोघे, सगळे ओढताहेत आणि अप्पा डाव्या हातानं फाटकाला लटकलेत. शेवटी टॅक्सीवालाच म्हणाला, “ब्याडरी, नको ते, अज्जांना नको असंल तर राहू द्या.” बहिणीकडे जायचं ते त्याच गाडीनं, हा हट्ट पुरा करायचं काम दाजींनी अंगावर घेतलं. मुंबईहून कुणाकुणाला पत्रं घालून त्यांनी त्या मापाचं नवं बेरिंग मिळवलं, रुमालात गुंडाळलं आणि दर सुट्टीत ते पिशवीत घालून यायला लागले. पण इतिहासाचा माणूस. इतिहास जसा अश्मयुगापासून शिकवतात तशी त्यांनी गाडी पुढच्या दिव्यांपासून सुरू केली. पहिल्या वर्षी दिवे आणि रेडिएटर, दुसऱ्या वर्षी इंजिन, तिसऱ्या वर्षी गिअर. “दाजी, बिघाड मागच्या चाकात आहे,” असं माझ्या यजमानांनी एकदा फार हळू आवाजात म्हटलं. “मागचं समजायला पुढचं आधी समजावं लागतं,” दाजी म्हणाले. वर्गात हे वाक्य ते उलटं शिकवत असणार.

ऐंशी साली ज्येष्ठ अधिक आला. अधिक महिन्यात लेक-जावयाला बोलावून तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, जावयाला साक्षात विष्णू समजायचं. म्हणजे आधीच ज्यांना कुणी चूक म्हणत नव्हतं ते आता देव झाले. त्याच आठवड्यात धारवाडहून अक्कांच्या मुलाचं पत्र आलं, ‘आईचं आता काही खरं नाही. दृष्टी गेलीच आहे, जेवणही सुटलंय. मामांना एकदा आणा, ती रोज विचारते.’ यजमानांनी पत्र वाचून दाखवलं. अप्पा नुसती काठी शेडकडे रोखून बसून राहिले. दाजींनी चहाचा कप खाली ठेवला. “रविवारी जायचं,” ते म्हणाले. सोमवारी त्यांची शाळा उघडत होती. तो दिवस बुधवार.

अप्पांची खुर्ची शेडच्या दाराशी आणून ठेवली. चाक निघालं, ड्रम निघाला, आणि आत एक्सलच्या टोकावर तो मोठा नट दिसला. तो काढल्याशिवाय मागचं बेरिंग हलणार नव्हतं. दाजींनी पाना लावला आणि जोर केला. नट हलेना. पान्याला लोखंडी नळी अडकवून माझे यजमान लटकले. हलेना. गुरुवारी दुकानातले दोघे हमाल आले, ताग्यांचे गठ्ठे पाठीवर वाहणारी माणसं, ते लटकले. शुक्रवारी गल्लीच्या कोपऱ्यावरच्या गॅरेजचे म्हातारे मिस्त्री आले. त्यांनी नटाकडे पाहिलं, दाजींकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं. “ह्यो घरचा जावई काय री?” एवढंच विचारलं आणि तेही मुकाट्यानं नळीला लटकले. अप्पा खुर्चीतून काठी आपटत होते, “हं, हं” करत होते. सासूबाई म्हणाल्या, “बघा, ह्यांना किती हुरूप आलाय.” अप्पा आणखी जोरात आपटायला लागले.

मला गुरुवारीच कळलं होतं. मी चहा घेऊन जात-येत होते ना. बुधवारी नटाच्या बाहेर एक्सलचे दोन आटे दिसत होते. गुरुवारी संध्याकाळी अडीच दिसायला लागले. नट सैल होत असेल तर आटे कमी दिसायला हवेत की जास्त? आणि अप्पा नुसती काठी आपटत नव्हते, मधून मधून तिचं टोक जमिनीवर गोल फिरवत होते, बरोब्बर दाजींच्या उलट दिशेनं. डाव्या चाकाचा तो नट उलट्या आट्यांचा होता. आमच्या शेडमधली पाच दणकट माणसं तीन दिवस घाम गाळून तो घट्ट करत होती.

मी काय केलं? रात्री यजमानांना सांगितलं. ते म्हणाले, “अगं मलाही शंका आली होती, पण दाजींना कोण सांगणार?” मग सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “धोंड्याच्या महिन्यात विष्णूला चूक म्हणायचं? त्याला काय सुलटं आणि काय उलटं.” झालं. मी पदर सारखा केला आणि गप्प बसले. सगळ्यांना माहीत, मिस्त्रींना माहीत, बिचारे अप्पा तर ओरडून सांगत होते, आणि रविवार जवळ येत होता.

शुक्रवारी दुपारी नळी वाकली. वाकलेली नळी हातात धरून दाजी जमिनीवर बसले आणि पहिल्यांदाच त्यांना इतिहासातलं काही आठवेना. अप्पांची काठी थांबली होती. ते शेडकडे बघायचे सोडून रस्त्याकडे बघत होते. माझ्या हातात चहाचा ट्रे होता. भिंत लांब होती, म्हणून मी मडगार्डाकडे तोंड केलं आणि मडगार्डाला म्हणाले, “चुकतंय ते. तीन दिवस घट्टच करताहेत. नट उलट्या आट्यांचा आहे.”

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. दाजींनी नटाकडे पाहिलं, मग मडगार्डाकडे, मग माझ्याकडे.

“वहिनी, कधी कळलं?”

“गुरुवारी,” मी मडगार्डाला सांगितलं.

“आणखी कुणाकुणाला माहीत होतं?”

यजमान छताकडे बघायला लागले. मिस्त्री म्हणाले, “मला तर बघताक्षणी समजलं होतं, पन जावयाचं काम री.” दाजी हळूहळू उठले. मला वाटलं आता पिशवी उचलून गदगची गाडी धरतात. तसं झालं असतं तर माझी त्या घरात उरलेली वर्षं काही धड गेली नसती. ते हात पुसत म्हणाले, “अकरा वर्षं मी या घरात येतोय. आज पहिल्यांदा कुणीतरी मला चुकलात म्हणालं. एकदाचा घरचा झालो म्हणायचा.” मग वाकडी नळी पान्याला लावून ते उलट्या बाजूनं लटकले, आणि नट किरर् करत असा सुटला की अप्पांची काठी हातातून पडली.

पण तीन दिवसांच्या पराक्रमानं बेरिंग एक्सलवर असं चढून बसलं होतं की जणू तिथंच जन्मलंय. शनिवारी सकाळपासून पुलर लावला. पुलर म्हणजे तीन पायांचा लोखंडी खेकडा, तो बेरिंगला मागून नख्या लावतो आणि मधला स्क्रू पिळला की ओढतो. दुपारी त्याची एक नखी मोडली. मिस्त्रींनी वेल्डिंग करून आणली. “छिन्नीनं फोडून काढू या,” ते म्हणाले. दाजींचा जीव होईना, घाव चुकून एक्सलला लागला तर सगळंच संपलं. “मग ज्योत मारून तापवू.” तेही नको, एक्सलला दिलेलं पाणी उतरेल, पोलाद मऊ पडेल. मी आत अनारसे तळत होते आणि खिडकीतून ऐकत होते. प्रसरण-आकुंचनाचं प्रकरण मला कॉलेजात तोंडपाठ होतं, पैकीच्या पैकी मार्क होते, पण त्या घटकेला त्यातलं अक्षर आठवलं नाही. आठवलं ते ओट्यावर पडलेल्या दोन पेल्यांवरून. पेल्यात पेला अडकला की काय करतो आपण? आतल्या पेल्यात गार पाणी, बाहेरच्याला गरम. आपोआप सुटतो. एवढं कुठल्या बाईला सांगावं लागत नाही.

हातात झारा तसाच, मी शेडमध्ये गेले. यावेळी मडगार्डाची गरज भासली नाही. “दाजी, पेल्यात पेला अडकला तर?”

“वहिनी,” ते म्हणाले, “कढईतलं तेल किती गरम आहे?”

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात आडव्या उभ्या राहिल्या. अनारशाचं तेल, अधिक महिन्याचं वाण, त्यात कांदासुद्धा पडलेला नव्हता. “आई, विष्णूनं मागितलंय,” माझी नणंद म्हणाली. सासूबाई दारातून बाजूला झाल्या. यजमान सोडावॉटरवाल्याकडून गोणपाटात बर्फ घेऊन आले. दाजींनी तो फडक्यांत बांधून एक्सलच्या उघड्या दांड्याला लपेटला, मिस्त्रींनी पुलर पिळता येईल तेवढा पिळला, आणि मी पळीपळीनं उकळतं तेल बेरिंगवर सोडायला लागले, जसं एखाद्या देवाला अभिषेक करावा तसं. पहिल्या सहा पळ्या काही नाही. शेडभर वेलदोड्याचा आणि जुन्या ग्रीसचा वास. दाजी पुलरला छाती लावून ओढत होते, स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावून ऐकतही होते. “आत कुणीतरी बोलतंय,” ते म्हणाले. नवव्या पळीला ठाण्णकन आवाज झाला. दाजी पुलरसकट उताणे, पुलरच्या नख्यांत बेरिंग, आणि चेहऱ्यावर असं समाधान की मिस्त्रींनी आधी ते शुद्धीवर आहेत का ते पाहिलं. सासूबाईंनी लांबूनच बेरिंगला हळदकुंकू वाहिलं.

नवं बेरिंग त्याच कढईत तापवून बसवलं. उरलेले अनारसे दुसऱ्या तेलात तळले, तरी ते खाताना दाजी म्हणाले, “थोडं ग्रीस चाललं असतं.”

रविवारी सकाळी निघालो. दाजी चालवायला, शेजारी मी पाण्याची बाटली धरून, मागं अप्पा आणि सासूबाई. धारवाड बारा-तेरा मैल, आम्हाला अडीच तास लागले. बैलगाड्या पुढं गेल्या. उणकलचं तळं मागं पडलं तसे दाजी थांबले, उतरले, चाकाला हात लावून आले. नवनगरपाशी पुन्हा थांबले. “गार आहे,” एवढंच म्हणायचे. अप्पा डाव्या हातानं पुढची सीट घट्ट धरून ताठ बसले होते, जणू गाडी तेच चालवताहेत.

अक्कांच्या घराला अकरा पायऱ्या. अप्पांना त्या चढणं शक्य नव्हतं, आणि गाडीत बसल्यावर त्यांना उतरवणं तर त्याहून नाही. शेवटी अक्कांनाच त्यांच्या मुलानं आणि सुनेनं खुर्चीत घालून खाली आणलं आणि मागच्या सीटवर अप्पांशेजारी बसवलं. मूठभर म्हातारी, डोळे पांढरे झालेले. त्यांनी हातानं सीट चाचपली, मग काच खाली करायची मूठ चाचपली, मग अप्पांचा गाल. “चार भाऊबीजा चुकवल्यास,” त्या म्हणाल्या.

“अक्का,” अप्पा म्हणाले.

“हो, मीच. जेवलास का?”

“हं.”

आम्ही सगळे बाजूला झालो. अर्धा तास झाला, तास झाला. उन्हं चढली. सासूबाई मला खुणावायला लागल्या, उशीर होतोय, उन्हात ह्यांना परत न्यायचं आहे. दाजी कुठं दिसेनात. मी गाडीमागं गेले तर ते मागच्या चाकाजवळ रस्त्यावर उताणे, अर्धे गाडीखाली. मी घाबरून वाकले. “काय झालं? बिघडलं परत?”

“हळू बोला, वहिनी. काही झालेलं नाही. बेरिंग गार आहे.” त्यांनी पोटावर दोन्ही हात जोडून ठेवले होते, अगदी झोपल्यासारखे. तोंडभर काळं, डोळ्यांखाली दोन स्वच्छ रेघा.

“मग खाली काय करताय?”

“गाडी तयार आहे म्हटलं की निघावं लागेल.” वरून अक्कांचा आवाज येत होता, कुठल्या तरी लहानपणच्या चिंचेच्या झाडाबद्दल, आणि मधून मधून अप्पांचं “हं”. “दुरुस्ती चालू असताना कुणी घाई करत नाही.”

सासूबाईंनी लांबून विचारलं, “काय गं, किती वेळ?”

“काम जरा किचकट आहे,” मी ओरडून सांगितलं. मग मातीत फतकल मारून बसले, पिशवीतले दोन पाने काढले आणि एकमेकांवर ठण् ठण् वाजवत राहिले. सून म्हणून मी त्या घरात पुष्कळ कामं केली, पण दाजींबरोबर केलेली ती दुरुस्ती सगळ्यांत चांगली झाली असं मला वाटतं. दुपारी दोनपर्यंत चालली.

श्रावण लागायच्या आत अक्का गेल्या. अप्पा पुढं दोन वर्षं होते. दाजी त्यानंतर खूप वर्षं येत राहिले, आमचे पंखे आणि पंप मोडत राहिले, आणि मी त्यांना रोज, तोंडावर, सासूबाईंच्या देखत, चुकलात म्हणत राहिले. ते फार खूश व्हायचे. आता घरात सगळं नीट चालतं. घड्याळंसुद्धा.